अनुमानाची तेरीज



आठवीत शिकणारी माझी नात शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचे पुस्तक घेऊन परवा माझ्याशेजारी येऊन बसली. चेहरा रुसलेला होता. प्रश्न असा होता : ‘सर्व व्यापारी प्रामाणिक आहेत. काही प्रामाणिक माणसे श्रीमंत आहेत. म्हणून काही व्यापारी श्रीमंत आहेत. हा निष्कर्ष निश्चितपणे निघतो काय?’ तिने ‘होय’ या पर्यायावर खूण केली होती आणि उत्तरसूचीत ‘नाही’ असे छापलेले होते. ती म्हणाली, “दादाजी, पुस्तकच चुकलंय. आपल्या आडते बाजारात किती तरी श्रीमंत व्यापारी आहेत की!”

पुस्तक चुकलेले नव्हते आणि नातीचे म्हणणेही खोटे नव्हते. आडते बाजारात श्रीमंत व्यापारी आहेत, हे खरेच आहे. परंतु ते दिलेल्या दोन विधानांतून निघत नाही. प्रामाणिक माणसांतील जी काही माणसे श्रीमंत आहेत, ती सगळीच्या सगळी शिक्षक किंवा शेतकरी असू शकतील. एखादी गोष्ट खरी असणे आणि ती हातातील आधारावरून सिद्ध होणे, या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. हा भेद बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकदा उमगला, की पुढे आयुष्यभर तो त्याच्या उपयोगी पडतो; आणि उमगला नाही, तर त्याची किंमत कधी कधी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. ते कसे, हे पुढे सांगणारच आहे.

शिष्यवृत्ती परीक्षा आपल्या काळी चौथी व सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला आली आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळविण्याचा शासनाचा निर्णय झाला आहे. इयत्ता बदलल्या, तरी बुद्धिमत्ता चाचणीचे महत्त्व कायम आहे. पाचवी-आठवीच्या परीक्षेत एकूण ३०० गुणांपैकी १०० गुण या एका विषयाला आहेत. पुष्कळ पालकांची समजूत अशी, की हा विषय म्हणजे क्लृप्त्यांचा संग्रह. संख्याश्रेणीची एक क्लृप्ती, नातेसंबंधांची दुसरी, दिशांची तिसरी. पाठ केल्या की झाले. परंतु थोडे खोलात गेल्यास दिसते, की या शेकडो प्रश्नांच्या मुळाशी विचार करण्याच्या तीन-चारच रीती आहेत. त्या आपल्या दुकानात, स्वयंपाकघरात आणि स्थानकात रोज वापरल्या जातात. म्हणून या वेळी त्यांचीच ओळख करून घेऊ.

पहिली रीत निगामी अनुमानाची. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत हिलाच अवगामी पद्धत म्हणतात. येथे सामान्य नियमावरून विशिष्ट गोष्टीकडे उतरावयाचे असते. चौविहार करणारा मनुष्य सूर्यास्तानंतर काहीही घेत नाही, हा नियम. काकांनी आज चौविहार केला आहे. म्हणून काका रात्री दूध घेणार नाहीत. नियम व माहिती खरी असेल, तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. उलट, काकांनी रात्री दूध घेतले, तर आज त्यांचा चौविहार नव्हता, हेही तितकेच निश्चित.

आता मुले जेथे घसरतात ती जागा पाहा. काकांनी रात्री दूध घेतले नाही. म्हणून त्यांनी चौविहार केला असला पाहिजे, असे म्हणता येईल काय? येणार नाही. कदाचित दूध नासले असेल, कदाचित काकांना भूकच नसेल. नियम ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने त्यावर स्वार व्हावे लागते. उलट दिशेने तो आपल्याला नेत नाही. आपल्या न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नीचे उदाहरण हेच शिकविते. जेथे धूर तेथे अग्नी असतोच. पण जेथे अग्नी तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा प्रश्नांसाठी मुलांना वर्तुळे काढावयास लावावीत. व्यापाऱ्यांचे वर्तुळ प्रामाणिकांच्या वर्तुळाच्या आत काढावे. मग श्रीमंतांचे वर्तुळ प्रामाणिकांना छेदणारे, परंतु व्यापाऱ्यांना स्पर्शही न करणारे काढता येते का, ते पाहावे. येत असेल, तर निष्कर्ष निश्चित नाही. माझ्या नातीने तसे वर्तुळ स्वतःच्या हाताने काढले, तेव्हा तिचा रुसवा गेला.

दुसरी रीत विगामी, म्हणजे उद्गामी अनुमानाची. हिचा प्रवास उलटा असतो. अनेक उदाहरणे पाहून आपण नियमाकडे चढतो. संख्याश्रेणीचे प्रश्न याच जातीचे होत. २, ४, ८ यांनंतर काय? मुले तत्काळ १६ म्हणतात, कारण प्रत्येक संख्या आधीच्या संख्येची दुप्पट दिसते. परंतु फरक पाहिले, तर ते २ आणि ४ आहेत. पुढचा फरक ६ धरल्यास उत्तर १४ येते. दोन्ही नियम दिलेल्या तीन संख्यांना सारखेच लागू पडतात. परीक्षेत दिलेले पर्याय आपला मार्ग ठरवितात. व्यवहारात पर्याय छापून मिळत नाहीत. म्हणून विगामी अनुमान कितीही भरभक्कम वाटले, तरी त्याचा निष्कर्ष ‘बहुधा’ या शब्दाच्या पलीकडे जात नाही. उदाहरणे जितकी अधिक व जितकी विविध, तितकी त्याची बळकटी अधिक, एवढेच.

घोडेगावच्या बाजारात कांद्याचा व्यापार करणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. लागोपाठ दोन वर्षे अमुक महिन्यात भाव चढला, म्हणून तिसऱ्या वर्षी माल धरून ठेवणाऱ्याला निर्यातीविषयीच्या एका आदेशाने कसे रडविले, हे आपण पाहिलेले आहे. त्याहून मोठा धडा आपल्या शहराने अलीकडेच घेतला. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. ‘आजोबांपासून आपले खाते तेथेच आहे, इतकी वर्षे काही झाले नाही, पुढेही होणार नाही’ हे अनेक घरांतील अनुमान विगामी होते. ठेवविम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांची आहे, ही माहिती त्या अनुमानात कोणी मिळविली नव्हती. कालच्या अनुभवाचा आधार अवश्य घ्यावा. परंतु सगळा भार त्या एका खांबावर टाकू नये, हे मुलांना याच वयात सांगावे.

आपल्या जैन न्यायग्रंथांत या दोषाचे एक प्रसिद्ध उदाहरण येते. एका स्त्रीचे आजवरचे सर्व पुत्र सावळ्या वर्णाचे आहेत; म्हणून गर्भातील पुत्रही सावळाच असेल, कारण तोही तिचाच पुत्र आहे. उदाहरणे अनेक आहेत, विरुद्ध उदाहरण एकही नाही. तरी अनुमान टिकत नाही. कारण तिचा पुत्र असणे आणि सावळे असणे यांत अतूट संबंध नाही. आपल्या आचार्यांनी हेतूचे एकच लक्षण मानले : अन्यथानुपपत्ती. साध्य नसेल तर हेतूही असूच शकणार नाही, अशी खात्री असेल तरच तो खरा हेतू. उदाहरणांचा ढीग हा त्या खात्रीला पर्याय होत नाही.

तिसरी रीत मला विशेष प्रिय आहे, कारण बँकेतील माझी उमेदवारी तिच्यातच गेली. घडलेल्या गोष्टीवरून तिचे कारण शोधणे, अनेक संभाव्य कारणांतून सर्वांत चांगला उलगडा करणारे कारण निवडणे, ही ती रीत. वैद्य लक्षणांवरून रोग ओळखतो, मिस्तरी आवाजावरून यंत्रातील बिघाड ओळखतो आणि मुनीमजी रकमेवरून चूक ओळखतात.

१९८४ च्या सुमारास मी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी नोकरीस होतो. एके दिवशी तेथील एक परिचित व्यापारी दुपारी शाखेत आले. आदल्या रात्री त्यांच्या पेढीच्या रोजमेळात २,७०० रुपयांची तूट आली होती. गल्ल्यावर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसत असे. त्याच्या बहिणीचे लग्न महिन्यावर आले होते आणि आठवड्यापूर्वीच त्याने उचल मागितली होती. “आता यात आणखी काय पाहायचं?” असे शेठजी म्हणाले. मी तरुण होतो, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी नुकतीच हाती आलेली होती. मी बेधडक सांगितले, “शेठजी, त्याला आजच काढून टाका.”

शेजारच्या टेबलावर आमचे वयस्क हेडकॅशियर नोटा मोजत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, “आकडा काय म्हणालात?” आकडा ऐकल्यावर ते म्हणाले, “सत्तावीसशेला नवानं पूर्ण भाग जातो. आधी कालच्या पावत्या काढा. कुठं तरी आकडे उलटे पडले असतील.”

सायंकाळी शेठजी पावत्यांची फाइल घेऊन बसले. मालमोटारवाल्याला दिलेल्या भाड्याची पावती ६,३०० रुपयांची होती. रोजमेळात नावे पडले होते ३,६००. फरक बरोबर २,७००. नोंद मुलाने केलेली नव्हती. ती स्वतः शेठजींच्या अक्षरात होती.

हे कसे घडले, ते मुलांना गणिताने दाखविता येते. दोन अंकी संख्येतील दशकस्थानचा अंक ‘अ’ आणि एककस्थानचा ‘ब’ धरला, तर संख्या १०अ + ब होते. अंक उलटल्यास १०ब + अ. दोहोंतील फरक ९(अ − ब). म्हणजे अंकांची अदलाबदल झाली, की फरकाला नवाने भाग जाणारच. हे झाले निगामी अनुमान, आणि ते निश्चित आहे. परंतु त्याची उलट बाजू निश्चित नाही. फरकाला नवाने भाग जातो, म्हणून अंक उलटेच पडले असतील, असे सिद्ध होत नाही. कोणी नेमके २,७०० रुपये उचलले, तरी त्याला नवाने भाग जाईलच. म्हणून हेडकॅशियरांनी ‘मुलगा निर्दोष आहे’ असे म्हटले नाही. ‘आधी पावत्या काढा’ असे म्हटले. कारणाचा तर्क करावा, तो खरा असल्यास आणखी काय सापडले पाहिजे ते ठरवावे आणि मग ते प्रत्यक्ष शोधावे, असा हा क्रम आहे. पावती सापडली नसती, तर तो तर्क तर्कच राहिला असता. मी मात्र पहिल्या पायरीवरच निकाल दिला होता. मुलाला पैशाची गरज होती आणि पैसे कमी होते, एवढ्या दोन गोष्टींत ‘असे नसते तर हे घडलेच नसते’ असा अतूट संबंध कोठे होता?

शेठजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या घरी गेले, हात जोडले. परंतु आदल्या संध्याकाळी ‘उद्यापासून येऊ नकोस’ हा निरोप घरी पोहोचला होता, आणि लहान गावात असा निरोप एका घरात थांबत नाही. वडिलांनी शेठजींना चहा दिला, मुलगा मात्र पुन्हा पेढीवर आला नाही. माझी चूक तर त्याला ठाऊकही नव्हती. गेली चाळीस वर्षे संवत्सरीच्या प्रतिक्रमणात ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना ज्या काही व्यक्ती नजरेसमोर येतात, त्यांत तो असतो. चुकीचे अनुमान कागदावर असते, तेव्हा दोन गुण जातात. ते माणसाविषयी असते, तेव्हा त्याचे नाव जाते.

या तीन रीतींच्या जोडीला चौथी आहे सादृश्याची. बुद्धिमत्ता चाचणीत तिला समसंबंध म्हणतात. ‘तराजू : वजन :: थर्मामीटर : ?’ येथे ‘पारा’ आणि ‘ताप’ हे दोन्ही शब्द जवळचे वाटतात. मुलांना उत्तराकडे धावू न देता पहिल्या जोडीचे वाक्य करावयास सांगावे : ‘तराजूने वजन मोजतात.’ मग तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावावे : ‘थर्मामीटरने तापमान मोजतात.’ वाक्य अचूक असेल, तर उत्तर आपोआप येते. सादृश्य वाट दाखविते. परंतु दोन गोष्टी एका बाबतीत सारख्या आहेत म्हणून त्या सर्वच बाबतींत सारख्या नसतात.

हा विषय आपल्या समाजाला परका नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. सिद्धसेनांचा न्यायावतार, आचार्य माणिक्यनंदींचे परीक्षामुख, हेमचंद्राचार्यांची प्रमाणमीमांसा हे ग्रंथ याच विषयाचे. तर्काला, म्हणजे दोन गोष्टींतील अतूट संबंध ओळखणाऱ्या ज्ञानाला, जैन आचार्यांनी स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले. परीक्षामुखातील उदाहरणे तर सातवीच्या मुलालाही समजावीत इतकी सुंदर आहेत. छत्र आहे, म्हणून खाली सावली आहे; हे कारणावरून कार्याचे अनुमान. कृत्तिका नक्षत्र उगवले आहे, म्हणून थोड्या वेळाने रोहिणी उगवेल. हे आधीच्यावरून नंतरचे. कृत्तिका उगवली आहे, म्हणून भरणी आधीच उगवून गेली आहे. हे नंतरच्यावरून आधीचे. अंधारात चाखलेल्या महाळुंगाच्या चवीवरून त्याच्या रंगाचे अनुमान; हे एकत्र राहणाऱ्या गुणांचे. थंडीच्या दिवसांत सायंकाळी मुलांना गच्चीवर नेऊन पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका दाखवावा आणि रोहिणीची वाट पाहण्यास सांगावे. अनुमान डोळ्यांसमोर खरे ठरताना पाहण्याचा आनंद कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही. आपल्या जिल्ह्यातील चिचोंडीचे सुपुत्र आचार्य आनंदऋषिजी महाराज यांच्या प्रेरणेने पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. आपल्यातील अनेकांच्या माताभगिनींनी त्याच्या परीक्षा दिल्या आहेत. ज्या घरात आजीने त्या परीक्षेचे प्रमाणपत्र जपून ठेवले आहे, त्या घरातील नातवाला तर्काची भीती वाटण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमजही दूर करू. स्याद्वाद म्हणजे ‘हेही खरे असेल, तेही खरे असेल’ अशी गुळमुळीत भूमिका, असे काही जण मानतात. तसे नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ आहे. आपण कोणत्या आधारावर बोलत आहोत, हे स्पष्ट करून मगच विधान करणे, ही त्यातील शिस्त. परीक्षेतील ‘निश्चित सांगता येत नाही’ हा पर्यायही पळवाट नसून, आधार अपुरा आहे हे ओळखणारे पूर्ण उत्तर असते.

आता घरी काय करावे? रोज पंधरा मिनिटे पुरेत. मुलाने उत्तर दिले, की बरोबर-चूक न सांगता ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. मग त्याने स्वतःच ठरवावे, की आपले उत्तर ‘असलेच पाहिजे’ या जातीचे आहे, ‘बहुधा असेल’ या जातीचे आहे, की ‘असे असल्यास उलगडा होतो’ या जातीचे. आणखी एक विनंती. आपल्या दुकानात काम करणाऱ्या माणसांची मुलेही आठवीत असतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न असतात आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आपल्या मुलाबरोबर त्यांनाही शेजारी बसवावे. माझ्या घरी रविवारी सकाळी अशी चार मुले येतात. नातीला प्रश्न विचारण्यात तीच पुढे असतात.

सरावासाठी तीन प्रश्न देतो. (१) एकही उधारीचा व्यवहार रोखीचा नसतो. आजचे काही व्यवहार रोखीचे आहेत. म्हणून आजचे काही व्यवहार उधारीचे नाहीत. निष्कर्ष निश्चित आहे काय? (२) गेले चार रविवार पाठशाळेचे गुरुजी उशिरा आले, म्हणून या रविवारीही येतील. हे कोणत्या जातीचे अनुमान? (३) गल्ल्यात रोजमेळापेक्षा ४५० रुपये अधिक निघाले. संभाव्य कारणे सांगा.

उत्तरे : पहिला निष्कर्ष निश्चित आहे, जे रोखीचे आहेत ते उधारीचे असूच शकत नाहीत. दुसरे अनुमान विगामी आहे आणि उशिराचे कारण कळेपर्यंत दुबळेच आहे. तिसऱ्यात किमान तीन कारणे संभवतात. ९४० रुपयांची जमा ४९० लिहिली गेली असेल. २२५ रुपयांची जमा चुकून नावे पडली असेल. किंवा ४५० रुपयांची एखादी जमा लिहावयाचीच राहिली असेल. कोणते खरे, हे पावत्या सांगतील, आपण नव्हे.

आपल्या पूर्वजांनी प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘चूक भूल देणे घेणे’ असे लिहून ठेवले. हिशेब पूर्ण तपासून झाल्यावरही ते हे लिहीत. मुलांना अनुमान करावयास शिकवू या. आणि त्याच्या तळाशी हे चार शब्द लिहावयासही.